ओढ्याच्याच जोरावर माळाला पाणी

प्रश्न असा आलाय: धारूर तालुक्यात बालाघाटाच्या उताराला वावर आहे. कडेनं ओढा जातो, तो पावसाळा सरल्यावर जानेवारीपर्यंत वाहतो. ओढ्यापासून साठेक फूट उंच माळावर केशर आंब्याची दोनशे रोपं आहेत, दोन वर्षांची. थ्री फेज येते ती रात्री, आणि मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. प्लंबिंगच्या सामानातून वीज-डिझेलशिवाय, पाण्याच्याच जोरावर चालणारा पंप घरी करता येतो म्हणतात, ते खरं का? आणि जमला तर तोच पुढं विहिरीवर बसवता येईल का?

खरं आहे. विहिरीवर मात्र बसत नाही. हे दुसरं उत्तर आधी नीट सांगतो, कारण दहातले आठ जण विहिरीसाठीच विचारतात आणि मग हिरमुसतात.

या पंपाला रॅम पंप म्हणतात. त्याला लागतं वाहतं पाणी आणि त्या पाण्याला खाली पडायला जागा. भरपूर पाणी थोडं खाली पडतं, त्यातून जी ताकद निघते तिच्यावर त्यातलंच थोडं पाणी खूप वर चढतं. बाकीचं पंपाच्या तोंडातून सांडून ओढ्यात परत जातं. विहिरीतलं पाणी उभं असतं, त्याला खाली पडायला जागाच नाही. शेततळ्याखाली उतार असेल तर पंप चालेल, पण दहा हंडे सांडून अर्धा हंडा वर चढवायचा, तर तळं रिकामं करण्यापलीकडं हाती काही लागणार नाही. म्हणून मराठवाड्यात याच्या जागा मोजक्याच आहेत. बालाघाटाचे आणि अजिंठ्याच्या डोंगराचे ओढे, किनवट-माहूरकडचे बारमाही झरे, नाहीतर एखाद्या पाझर तलावाच्या भिंतीखाली सतत झिरपणारं पाणी. परभणीच्या सपाट काळ्या रानात कुणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणतो. कालव्यावरही बसवू नका. उतार मिळाला तरी जलसंपदा खात्याच्या परवानगीशिवाय तिथलं पाणी उचलता येत नाही.

आता तो चालतो कसा. तुमच्या पाइपलाइनवर मोटार चालू असताना अचानक लाइट गेली की काय होतं ते आठवा. धाड्‌कन आवाज येतो, पाइप थरथरतो, कधी एखादा जॉइंट सुटतो. चढत असलेलं पाणी उलटं फिरून एनआरव्हीच्या, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेच्या, चकतीवर आदळतं, म्हणून तो आवाज. त्या धडकेनं आपले जॉइंट फुटतात म्हणून आपण एअर व्हॉल्व्ह बसवतो, शिव्या देतो. रॅम पंपात हीच धडक मुद्दाम करवून घ्यायची आणि तिलाच कामाला लावायचं. पाइपातून पाणी जोरात खाली येतं, वेग वाढला की एक झडप आपोआप बंद होते, पाणी जागच्या जागी अडतं, दाब एकदम उठतो आणि त्या दाबानं दुसऱ्या झडपेतून घोटभर पाणी पुढं ढकललं जातं. दाब उतरला की पहिली झडप स्वतःच्या वजनानं पुन्हा उघडते. पुन्हा पाणी वाहू लागतं, पुन्हा खट्. मिनिटाला चाळीस ते नव्वद वेळा.

ही कल्पना नवी नाही. 1772 साली इंग्लंडात जॉन व्हाइटहर्स्ट यांनी असं यंत्र केलं होतं, पण त्यात तोटी हातानं उघडझाप करावी लागायची. आपोआप चालणारा पंप 1796 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ मोंगोल्फिए यांनी केला. गरम हवेचं विमान, म्हणजे बलून, उडवणारे दोन भाऊ, त्यातला हा एक. घरचा धंदा कागदाचा, आणि कागदाच्या गिरणीला पाणी वर चढवायला त्यांनी तो वापरला. आपल्याकडं पाण्याच्या जोरावर काम करून घेणं अनोळखी नाहीच. संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी आणून, उंचावरून पाडून त्यावर जातं फिरवलेलं. तिथं पाणी पडतं आणि दगड फिरतो, इथं पाणी पडतं आणि पाणीच चढतं, एवढाच फरक.

सामान आणायला पळायच्या आधी तीन मोजमापं घ्या. मी बसवलेल्या पंपांपैकी जे बंद पडले त्यातले बहुतेक अंदाजावर बसवलेले होते, हत्यारातली खोट क्वचितच.

पहिलं, ओढ्याला पाणी किती. एका जागी दगड-मातीचा लहानसा आडोसा घालून सगळं पाणी एका पाइपाच्या तुकड्यातून काढा, खाली पंधरा लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला 45 लिटर. ऑक्टोबरात एकदा मोजा आणि डिसेंबर सरताना पुन्हा. हिशेब करायचा तो डिसेंबरच्या आकड्यावर. ऑक्टोबरात सगळेच ओढे श्रीमंत असतात.

दुसरं, उतार. जिथं पाणी अडवणार तिथली पातळी आणि जिथं पंप बसणार तिथली पातळी यांतला सरळ उभा फरक. गवंड्याकडं लेव्हलची पारदर्शक नळी असते, ती मागून आणा. डोळ्यानं मोजू नका. उतरत्या रानात डोळा फार फसवतो. मला एकानं दहा फूट सांगितलं होतं, नळी लावली तर सव्वाचार निघाले. चार फुटांच्या खाली उतार असेल तर मी हात घालत नाही.

तिसरं, पंपापासून वर टाकीपर्यंतची उभी उंची. पाइपाची लांबी नव्हे, उंची. तुम्ही साठ फूट म्हणता, ती ओढ्याच्या वरच्या टोकापासून मोजली असेल आणि पंप आठ फूट खाली बसणार असेल, तर ती अडुसष्ट धरा.

आता हिशेब. पंपात जाणारं पाणी गुणिले उतार, भागिले उंची. जे येईल त्याचं निम्मं धरा. कारखान्यातला चांगला पंप साठ टक्के आणि त्याच्याही वर जातो, आपला घरगुती पन्नासला टेकला तरी पुष्कळ. समजा पंप मिनिटाला 30 लिटर पाणी घेतो, उतार 8 फूट, उंची 60 फूट. तीस गुणिले आठ म्हणजे 240, भागिले साठ म्हणजे 4, त्याचं निम्मं 2. मिनिटाला दोन लिटर. ऐकून तुमचा चेहरा पडला असेल. तोटीची धार सुद्धा याहून जाड असते. पण हा पंप रात्रंदिवस चालतो. दोन लिटर म्हणजे तासाला 120, दिवसाला 2,880. दोनशे रोपांना वाटलं तर रोपामागं चौदा लिटर, रोज. दोन वर्षांच्या आंब्याला हिवाळ्यात यापेक्षा जास्त लागत नाही. उंची अडुसष्ट निघाली तर हेच पाणी अडीच हजारांवर येतं, ते लक्षात ठेवा.

सव्वा इंची पंप साधारण 30-35 लिटर घेतो. ओढा 45 देत असेल तर उरलेलं पाणी आडोशावरून खाली जातं, आणि पंपानं सांडलेलंही परत ओढ्यातच. खालच्या वावरवाल्याला हे आधीच जाऊन सांगा. त्याला उगाच वाटतं की तुम्ही सगळा ओढा वळवलाय. बांधावरच्या भांडणात पंपाचा नट कोण ढिला करून जाईल सांगता येत नाही.

आता सामान. सगळं सव्वा इंची धरून सांगतो. दोन एनआरव्ही, दोन टी, दोन बॉल व्हॉल्व्ह, दोन युनियन, निप्पल, एक पाऊण इंचावर आणणारा रिड्युसर, एक दाब दाखवणारं घड्याळ, हवेच्या भांड्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइपाचा तीन फुटी तुकडा, त्याला एंड कॅप आणि रिड्युसर. वरून येणारा पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा. चढणारा पाइप पाऊण इंची काळा एचडीपीई. ठिबकच्या लॅटरलनं भागेल असं दुकानदार म्हणेल. भागत नाही, धक्क्यानं तिचे जोड निसटतात.

जोडणीचा क्रम असा. वरून येणारा पाइप, मग बॉल व्हॉल्व्ह, मग युनियन, मग पहिला टी. या टीचं एक तोंड वर आकाशाकडं, त्यावर पहिला एनआरव्ही. पाणी सांडायची झडप ती हीच. टीच्या सरळ तोंडाला दुसरा एनआरव्ही, त्याच्या पुढं दुसरा टी. दुसऱ्या टीच्या वरच्या तोंडावर हवेचं भांडं, सरळ तोंडाला युनियन, घड्याळ, दुसरा बॉल व्हॉल्व्ह आणि तिथून माळाकडं जाणारा पाइप.

दुसरा एनआरव्ही स्प्रिंगचा चालेल, स्विंगचाही चालेल, बाण पाणी जायच्या दिशेला. पहिला मात्र पितळेचा स्विंगचाच हवा, आणि तो उलटा बसतो. त्याच्या अंगावरचा बाण खाली, टीकडं तोंड करून. मी इथं थांबून सांगतो, कारण पहिला पंप केला तेव्हा मी स्वतःच याला फसलो होतो. आयुष्यभर एनआरव्ही बाण पाहून बसवायची सवय. पाणी बाहेर जाणार म्हणून बाण बाहेर केला. झडप उघडली की पाणी नुसतं भसाभस वाहत राहिलं, सकाळपासून दुपारपर्यंत. खट् नाही की काही नाही. जेवायला बसल्यावर डोक्यात उजेड पडला. बाण वर असला की चकती सीटवर पडून असते, पाणी तिला उचलतं आणि निघून जातं. बाण खाली केला की चकती बिजागरीवरून खाली लोंबते, तोंड उघडं राहतं. तिच्या बाजूनं पाणी वर निघताना वेग वाढला की तेच तिला उचलून सीटवर आपटतं. ते आपटणं म्हणजेच आपला पंप.

दुकानात हा एनआरव्ही घेताना हातात धरून उलटा-सुलटा करा. चकती मोकळी लोंबली पाहिजे, अडकत-अडकत नको. टोपण उघडून आत पाहा, चकती तिच्या दांडीला नटानं बसवलेली असते. घरी आणल्यावर तो नट घट्ट करून पंचानं दोन ठोके मारून कायमचा बसवा. मिनिटाला साठ ठोके धरले तर दिवसाला 86,400, महिन्याला सव्वीस लाखांच्या आसपास. घरच्या टाकीवर दिवसातून दोनदा आपटायला केलेली ती चकती आहे. माझा एक पंप तेराव्या दिवशी गप्प झाला, उघडून पाहिलं तर नट खाली टीमध्ये पडलेला आणि चकती तिरकी अडकलेली. वजनही पाहा. पितळेच्या नावाखाली हलकी मुलामा दिलेली झडप मला एकदा मिळाली होती, तिला महिन्याच्या आत बिजागरीपाशी चीर गेली. दुकानदारानं हात वर केले. बिल घेतलं नव्हतं, मी काय बोलणार.

वरून येणारा पाइप जीआयचाच का, पीव्हीसी निम्म्याहून स्वस्त पडेल, असं तुम्ही नक्की विचाराल. धडक किती मोठी उठते ते पाइप किती कडक आहे यावर ठरतं. पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं येत असताना एकदम अडलं, तर जीआय पाइपात चौरस सेंटिमीटरला तेरा किलोच्या आसपास दाब उठतो. पीव्हीसी फुगतो, धक्का स्वतःच गिळतो, तिथं तीन ते पाच किलोच उठतो. दहा मीटर चढाला एक किलो लागतो, हे तुम्हाला मोटारीवरून माहीतच आहे. तुमचा चढ अठरा-वीस मीटरचा. पीव्हीसीवर पंप चालेल, पण धापा टाकत. चढ तीस-पस्तीस फुटांचा असता तर मीच म्हणालो असतो, पीव्हीसी लावा आणि पैसे वाचवा. साठ फुटांना जीआय घ्या. नवा पाइप पंपापेक्षा महाग पडतो, त्यामुळं जुन्या हापशाचे किंवा बोअरचे काढलेले पाइप कुणाकडं पडलेले आहेत का, ते आधी शोधा. आतून गंजून बोळकं झालेलं नसलं म्हणजे झालं. जॉइंट सूत आणि सफेदा लावून करा. नुसत्या टेफ्लॉनवर जीआयचा जॉइंट या धक्क्यापुढं टिकत नाही, महिन्याभरात थेंब-थेंब गळायला लागतो.

या पाइपाची लांबी उताराच्या पाच ते सातपट ठेवा. आठ फुटांना चाळीस ते छप्पन्न, म्हणजे वीस फुटी दोन पाइप बरोबर. फारच आखूड झाला तर धडक वर बंधाऱ्यातल्या पाण्यात विरून जाते, फार लांब झाला तर घर्षणात वेग मरतो. पाइप वरपासून खालपर्यंत एकसारखा उतरता गेला पाहिजे. मध्ये कुठं उंटाची पाठ झाली की तिथं हवा साचते, आणि हवा साचली की धडक मऊ पडते. दगडावर दगड रचून, तारेनं आवळून तो जागेवर जखडा. पंपाखाली तर सिमेंटचा ओटाच करा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला पंप तसूभर मागं-पुढं सरकतो आणि चौथ्या दिवशी थ्रेड सुटतो.

वरचं तोंड पाण्याच्या पातळीखाली किमान फूटभर बुडलेलं हवं. उथळ ठेवलं की भोवरा पडून हवा आत ओढली जाते. तोंडाला पाइपाच्या तिप्पट जाडीचा भोकं पाडलेला तुकडा आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी. ऑक्टोबरात पळसाची, सागाची पानं वाहून येतात. पहिले पंधरा दिवस रोज जाळी झाडावी लागते, पुढं आठवड्यातून एकदा.

हवेचं भांडं म्हणजे पंपाचा स्प्रिंग. ठोक्यासरशी आत आलेलं पाणी त्यातली हवा दाबतं, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ती हवा पाण्याला सलग वर ढकलत राहते. भांडं नसेल तर धक्के थेट चढाच्या पाइपाला बसतात आणि दोन दिवसांत कुठं ना कुठं फुटतं. अडचण अशी की ही हवा हळूहळू पाण्यात विरघळून निघून जाते. जुन्या पंपांना त्यासाठी बारीक भोक ठेवत, त्यातून प्रत्येक ठोक्याला घोटभर हवा आत येई. मला तो नाद नको वाटतो. भोक गाळानं बुजतं, नाहीतर मोठं पडून पाणी फवारतं. त्यापेक्षा सायकलची जुनी ट्यूब घ्या, अर्धीमुर्धी हवा भरा, अंगठ्यानं दाबली तर कणकेसारखी दबली पाहिजे, घडी करून पाइपात सारा आणि एंड कॅप बसवा. हवा ट्यूबमध्ये कोंडलेली राहते, विरघळायचा प्रश्नच मिटतो. पंक्चर काढलेली ट्यूब चालते, पण ठिगळ नीट तपासा.

पीव्हीसीचा हा तुकडा दहा किलोच्या क्लासचा घ्या. शेतीत सर्रास मिळणारा चार किलोचा नको. दाबलेली हवा असलेला पीव्हीसी फुटला तर त्याचे तुकडे उडतात. उन्हात तो वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून त्यावर ओलं पोतं गुंडाळून ठेवा आणि दर दोन हंगामांनी तो तुकडा बदला. पैसे असतील तर तीन इंची जीआयचा तुकडा करून घ्या, मग ही काळजीच नको. टाकून दिलेलं गॅसचं सिलिंडर कापून भांडं करायचा उद्योग करणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

सुरू करताना घाई होते, आणि तिथंच लोक हार मानतात. चढाकडचा व्हॉल्व्ह बंद. वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पाणी सांडायच्या झडपेतून भळाभळा वाहील आणि एकदा खट् होऊन बंद पडेल. बंदच राहील. आता त्या तोंडातून बोटानं, नाहीतर लाकडी काडीनं, चकती खाली दाबा. पुन्हा वाहील, पुन्हा बंद. असं वीस-तीस वेळा करावं लागतं. पाइपातली हवा निघून जाते आणि घड्याळाचा काटा हळूहळू चढतो. अर्ध्या-पाऊण किलोवर गेला की चकती आपली आपण पडायला लागते. हा क्षण पाहण्यासारखा असतो. हात काढून घेतला तरी खट्, खट् चालूच. मग चढाकडचा व्हॉल्व्ह थोडा-थोडा उघडा. एकदम उघडला तर दाब कोसळतो आणि पुन्हा पहिल्यापासून काडी हातात घ्यावी लागते. पाणी साठ फूट चढून टाकीत पडायला पहिल्यांदा तासाच्या वर लागू शकतो, कारण रिकामा पाइप भरायचा असतो. टाकीपाशी पोराला उभं करून खालून "आलं का, आलं का" ओरडू नका.

ठोके कसे पडतात त्यावरून कान पंपाची तब्येत ओळखायला शिकतो. ठोके फार भराभर पडत असतील, तर पाण्याला वेग घ्यायला वेळ मिळत नाही, वर पाणी कमी चढतं. फार सावकाश पडत असतील तर पंप पाणी जास्त पितो. स्विंगच्या झडपेला वजन लावता येत नाही, पण टीसकट ती किंचित एका बाजूला कलती केली की चकतीची लोंबण बदलते आणि ठोक्याचा वेग बदलतो. प्रत्येक वेळी चढलेलं पाणी बादलीत मोजून पाहा. जरासं इकडं, जरासं तिकडं, तासाभरात चांगली जागा सापडते. जानेवारीत ओढा आटू लागला की पंप त्याच्या पाण्यापेक्षा जास्त प्यायला बघतो, हवा ओढतो आणि बंद पडतो. तेव्हा ठोके भरभर करून त्याची भूक कमी करायची. तरी पुरलं नाही, तर त्या सालापुरता पंप उतरवायचा.

ठोका मऊ, थपथप आला तर हवा शिरली आहे, नाहीतर ट्यूब फुटली आहे. ठोका चालू आहे पण वर पाणी नाही, तर दुसऱ्या एनआरव्हीत कचरा अडकला आहे. दोन युनियन सांगितले ते याचसाठी. पाना लावला, पंप मोकळा, ओढ्यातच धुतला, परत लावला. ठोकाच नाही, तर नव्याण्णव टक्के वेळा पानं.

आवाजाचं सांगायचं राहिलं. रात्री शांततेत तो आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या घरापर्यंत, ऐकू येतो. आमच्या एका सालगड्याला पहिल्या रात्री वाटलं, ओढ्यात कुणी कुदळ मारून काहीतरी पुरतंय. काठी घेऊन दोघं जण गेले. पुढं त्या आवाजाची इतकी सवय झाली की आवाज थांबला की जाग यायची.

चोरीचं तुम्हाला सांगायला नको. केबल नाही तर पितळ जाईल. भंगारात त्याला चांगला भाव आहे. मी सिमेंटच्या ओट्यातच जुन्या ड्रमचं अर्धं पिंप उलटं बसवून त्याला कडी-कुलूप करतो, सांडलेलं पाणी निघायला खाली वीतभर फट ठेवून. पाणी तुंबून झडप बुडाली की ठोका बिघडतो, म्हणून ती फट मोठीच ठेवा. पितळेला रंग फासून टाका, लोखंडासारखं दिसू द्या.

सरकारी सौर पंप मिळत असेल तर हे सगळं कशाला, असाही प्रश्न येईल. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. विहिरीला पाणी असेल तर अर्ज जरूर करा, एकरभर पिकाला पाणी देणं या घरगुती पंपाच्या ताकदीबाहेरचं आहे. पण ओढ्याचं जे पाणी नाहीतर खाली वाहून जाणार, ते साडेतीन महिने दिवसरात्र वर चढवायला रॅम पंपाला दुसरं काहीच लागत नाही. माझा सल्ला असा की माळावर पाच हजार लिटरची टाकी न ठेवता 15 बाय 15 बाय 3 मीटरचं शेततळं कागद टाकून घ्या. रोज तीन हजार लिटर धरले तर शंभर दिवसांत तीन लाख लिटर होतात, त्या तळ्यात ते मावतात. रोपं मधल्या काळात पिणार आणि थोडं उन्हानं उडणार, ते वजा जाता फेब्रुवारी-मार्चला हाताशी काहीतरी राहतं.

आणि हा पंप जूनच्या आधी काढायचा. ओढा पहिल्या मोठ्या पावसाला गढूळ, दगडगोटे घेऊन येतो. मी एक पंप असाच गमावला, ओट्यासकट. दोन्ही युनियन सोडा, पंप घरी आणा, चकती आणि सीट पुसून त्यावर ग्रीस लावा, ट्यूबची हवा सोडा. जीआयचा पाइप काठाच्या वर ओढून ठेवा. दसऱ्याच्या आसपास पाणी निवळलं की पुन्हा जोडायचा. पहिल्या वर्षी पूर्ण दिवस जातो, पुढच्या वर्षी दोन तासांत होतं.

डिसेंबरातली बादली, नळीनं मोजलेला उतार, टाकीची उंची आणि चढाच्या पाइपाचं अंतर, हे चार आकडे कळवा. पाणी मिनिटाला वीस लिटरच्या खाली निघालं तर सव्वा इंचीचं सामान घेऊ नका, एक इंचीवर हिशेब करून देतो.